शेरा : उजवा कान फाटका

३ नोव्हेंबर, सोमवार

वही चार महिन्यांनी उघडली. मधल्या काळात लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. घडलं. मी आळस केला.

काल सोसायटीची तातडीची सभा झाली. विषय एकच, घूस. चेअरमन परचुऱ्यांच्या गाडीची वायर तिने कुरतडली. याआधी दोन गाड्यांच्या वायरी कुरतडल्या होत्या, पण त्या गाड्या इतरांच्या होत्या, म्हणून सभा तातडीची झाली नव्हती. (हे लिहिणं बरं आहे का? तारखा पुन्हा पाहिल्या. बरं आहे.)

मारायची की धरायची यावर तासभर गेला. मारायला हवी असं सगळ्यांचं मत पडलं, पण मारणार कोण याला कोणी हात वर केला नाही. शेवटी ठरलं ते असं. सोसायटीचा एक पिंजरा, तो पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवायचा, रोज एका घराची पाळी. सापडली की त्या घराने ती लांब नेऊन सोडायची. आज सकाळी लिफ्टमध्ये परचुऱ्यांची सूचना लागली: 'घूस पकडल्याचा दावा फोटोशिवाय ग्राह्य धरला जाणार नाही. फोटो ग्रुपवर टाकावा. घरी येऊन सांगू नये.'

नोंदवही माझ्याकडे आली. दोन वर्षांपूर्वीच्या इतिवृत्तात गैरहजर सभासदांनी अनुमोदन दिल्याचं मी दाखवून दिलं होतं. परचुरे म्हणाले, "निशाताई, आपल्याला चुका दिसतात. आता आपणच लिहा, म्हणजे दिसणार नाहीत." मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. आहे, कॉलेजच्या परीक्षा विभागात वीस वर्षं गुणपत्रिका तपासते आहे, तेव्हा नाही म्हणायला कारण नव्हतं.

आमिष काय ठेवायचं, यावर कोणीच बोलेना. मी म्हटलं, मी भजी देईन. काल रविवार म्हणून कांदाभजी केली होती. उत्कर्षाने वास घेऊन "आई, माझं डाएट" म्हटलं. माझ्या नवऱ्याने, अनिरुद्धने, दोन खाल्ली आणि बोटं टिश्यूला पुसत राहिला. नऊ उरली होती.

हे कळल्यावर अनिरुद्ध म्हणाला, "चला, कोणीतरी खाणारं सापडलं."

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिली घूस सापडली. पाळी पहिल्या मजल्यावरच्या नागोरावांची होती. ते यवतमाळकडचे, कारखान्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने मोकळे. सकाळी सहा चाळीसला ग्रुपवर फोटो आला. नागोराव खुर्चीत बसलेले, एक पाय पिंजऱ्यावर, हातात झाडू उभा धरलेला. डोक्यावर मुलाची क्रिकेटची टोपी. सव्वीस अंगठे आले.

सहा पन्नासला ते दुधाच्या रांगेत माझ्यापुढे होते.

"सोडलीत का?" मी विचारलं.

"सोडली नं जी! लय दूर सोडली. पार धरणाकडं जाऊन आलो. बाप्पा, काय डोये वटारून पाहे माह्याकडं!"

दहा मिनिटांत धायरीहून धरणापर्यंत जाऊन परत येणं मला जमलं नसतं. पण सकाळी रस्ता मोकळा असतो. नोंद केली: लांबी शेपटीसह सतरा इंच (नागोरावांच्या अंदाजाने). शेरा: उजवा कान फाटका.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज ऋषीची पाळी होती. चौथ्या मजल्यावर राहतो, आयटीत आहे, एकटाच. त्याने ऑनलाइन मागवलेलं झाडोऱ्याच्या रंगाचं जाकीट घातलं होतं. पार्किंगमधल्या पांढऱ्या फरशीवर ते फारच उठून दिसत होतं.

"काकू, फोटो काढता? खालून घ्या हं, एकदम लो अँगल. म्हणजे ती मॅसिव्ह वाटते."

मी फरशीवर बसून फोटो काढला. तो पिंजऱ्यामागे एका गुडघ्यावर बसला आणि मान किंचित वाकडी केली. अशी पोज का, विचारल्यावर त्याने मोबाईलवर परदेशातल्या शिकाऱ्यांचे फोटो दाखवले. मेलेलं हरीण पुढे, मागे माणूस, शिंगं हातात, चेहऱ्यावर हसू. एक, दोन, पन्नास. खाली लोकांनी अभिनंदन केलेलं. एका आजोबांनी तर नातवाला रानडुकरावर बसवलं होतं.

घरी आल्यावर त्यावर विचार करत बसले. एखाद्याला मारून त्याच्याशेजारी हसावंसं का वाटतं? आणि तो फोटो न ओळखणाऱ्या हजार माणसांनी पाहावा असं का वाटतं? आम्ही निदान मारत नाही. ती हरणं मेलेली असतात. आमची घूस फोटोतही भजी खात असते.

तरी ऋषीचा फोटो मी चारदा उघडून पाहिला, हे लिहायला हवं. चांगला आला आहे. फोटो माझा आहे हे त्याने कुठे लिहिलं नाही. त्याने काही बिघडत नाही.

शेरा: उजवा कान फाटका.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजवर आठ झाल्या (पहिल्या आठवड्यात चार दिवस पिंजरा लावायचाच राहिला). आज स्वतः परचुरे. त्यांनी ब्लेझर घातला होता. 'अध्यक्षीय शिकार' असं लिहून फोटो टाकला. एरवी ग्रुपवर शुभप्रभात टाकणाऱ्याला ते 'कारण कळेल का?' असं विचारतात.

आता ग्रुपवर दुसरा विषय नाही. लोक सकाळी दात घासण्याआधी खाली येतात. नागोरावांनी ऋषीच्या घुशीला 'पिल्लू' म्हटलं, तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. लांबीचे आकडे वाढत चालले आहेत. परचुऱ्यांनी बावीस इंच लिहून दिले. पिंजराच अठरा इंचांचा आहे, हे मी नम्रपणे सांगितलं. ते म्हणाले, "ती आत वळून बसली होती."

उत्कर्षाने फोटो पाहिला आणि म्हणाली, "आई, हा कॅमेऱ्याजवळ धरलाय पिंजरा. पर्स्पेक्टिव्ह." म्हणून लांबीच्या रकान्यात आता 'सांगीव' असं लिहिते.

एक गोष्ट मात्र नोंदीतून स्पष्ट होते आहे. आठही घुशींचे उजवे कान फाटके आहेत. शाळेत आपल्याला हे शिकवलं नव्हतं. या जातीत उजवा कान फाटकाच असतो असं दिसतं. निरीक्षणाने किती गोष्टी कळतात!

१९ नोव्हेंबर, बुधवार

कांदे संपले, मंडईत जायला जमलं नाही. भज्यांऐवजी पावाचा तुकडा दिला. आज पिंजरा रिकामा. थंडीमुळे असेल.

२० नोव्हेंबर, गुरुवार

भजी दिली होती. सापडली. थंडी कमी झाली असावी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पंधरा.

परचुऱ्यांनी विचारलं, "निशाताई, आपण संख्याशास्त्रवाल्या. एकूण किती असतील?"

असे प्रश्न मला कोणी विचारत नाही. अनिरुद्धही विचारत नाही. मी संध्याकाळभर बसून काढलं. रोज एक धरली जाते, तरी दुसऱ्या दिवशी पिंजरा रिकामा राहत नाही (एकोणीस तारखेचा अपवाद, थंडी). म्हणजे बाहेरची संख्या कमी होत नाही. म्हणजे साठा मोठा आहे. मी आलेख काढला आणि किमान एकशे साठ असा अंदाज दिला. खाली सही केली. सही करताना बरं वाटलं.

परचुऱ्यांनी तो कागद लिफ्टमध्ये लावला. तासाभरात तळमजल्यावरच्या बायकांनी पायाखाली बघत चालायला सुरुवात केली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

माझ्या आकड्यावरून ठरलं आहे की एकशे साठ घुशी एका पिंजऱ्याने आवरणार नाहीत. सात डिसेंबरच्या सभेत विषाचा ठराव येणार. सगळ्या आवारात, गटाराजवळ, कुंपणाच्या कडेने विष टाकायचं. त्याच सभेत पकडणाऱ्यांना प्रशस्तिपत्रकं.

संध्याकाळी गेनबा पोकळे वर आले. आमची इमारत ज्या जमिनीवर आहे तिथे पूर्वी त्यांचा ज्वारीचा तुकडा होता. आता बदल्यात मिळालेल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि दिवसभर फाटकाजवळ खुर्ची टाकून बसतात. पायाशी त्यांचा म्हातारा कुत्रा. त्याचं नाव सरपंच. गेनबा एकदा सरपंचपदाला उभे राहून पडले होते. "मी पडलो, मंग ह्याला निवडून आनला," असं ते सांगतात. सरपंचाला आता डाव्या डोळ्याने दिसत नाही आणि जे नाकापुढे येईल ते तो खातो. मागे त्याने परचुऱ्यांचा बूट खाल्ला होता.

गेनबा दारातच उभे राहिले. चहाला नको म्हणाले.

"ताई, इख टाकनार म्हनं."

"ठराव आहे अजून."

"आमचा आधीचा असाच गेला. मेलेला उंदीर खाल्ला, त्या उंदराच्या पोटात इख. दोन दिस तडफडला." त्यांनी खाली फाटकाकडे बोट केलं. "ह्याला बांधून ठिवला तर रडतो. सोडला तर खानार. तुमचा आकडा हाय म्हनं त्यो एकशेसाठचा?"

"हो. किमान."

"शिकल्याल्या हायसा, खोटं न्हाय म्हनत. पर ताई, एकशेसाठ घुशी असत्या तर ही बिल्डिंग हुबी ऱ्हायली असती का?"

त्यांनी नमस्कार केला आणि गेले. नमस्कार नसता केला तर बरं झालं असतं.

२ डिसेंबर, मंगळवार

हे लिहिण्याआधी वही दोनदा मिटली. पण लिहायलाच हवं.

आज कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका डबा खायला शेजारी बसल्या होत्या. सहज माहिती म्हणून मी म्हटलं, "घुशीचा उजवा कान जन्मतःच फाटका असतो का, की पुढे फाटतो?"

त्यांनी घास खाली ठेवला. "कोणाचा?"

"घुशींचा. एकूणच."

"अहो, कान दोन्ही सारखेच असतात. एखादीचा भांडणात वगैरे फाटतो."

घरी येऊन चप्पल न काढता सगळे फोटो एकापुढे एक लावले. कान त्याच जागी फाटलेला. तिथेच खाच. मिशांपाशी तोच पांढरा ठिपका. नागोरावांच्या पायाखाली ती. ऋषीच्या गुडघ्यापुढे ती. परचुऱ्यांच्या ब्लेझरशेजारी ती.

तेवीस घुशी नाहीत. एक आहे.

खूण केलेला प्राणी पुन्हापुन्हा पकडून एकूण संख्या कशी काढतात, हे मी एम.एस्सी.ला शिकले होते. त्या प्रश्नाला मला दहापैकी दहा मिळाले होते. इथे तर खूण आयती केलेली होती आणि ती मी माझ्याच अक्षरात तेवीस वेळा लिहिली.

खाली जाऊन नागोरावांना बाजूला घेतलं. धरणाचं खरं काय, विचारलं. त्यांनी वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधली. "मांगच्या भिंतीपलीकडं सोडली जी. थंडी होती नं." ऋषीनेही तिथेच सोडली होती. परचुऱ्यांना विचारायचं धाडस झालं नाही. पण ब्लेझर घालून कोणी लांब जात नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

सांगावं की नाही? सांगितलं तर पकडणाऱ्या सगळ्या घरांची मानहानी. प्रशस्तिपत्रकं छापून आली आहेत. नागोरावांनी आपला फोटो यवतमाळच्या भावांना पाठवला आहे आणि त्यांच्या भावजयीने तो देव्हाऱ्याच्या खोलीत लावला आहे, असं त्यांनीच मला अभिमानाने सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, कोणाले सांगू नका."

न सांगितलं तर सरपंच.

आणि खरं कारण लिहायचं तर मानहानी माझीच आहे. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या.

अनिरुद्धला सांगितलं. तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाला, "पण ती रोज येते कशाला? रोज पकडतात, फोटो काढतात, फेकून देतात. एखादीने नाद सोडला असता."

"प्राण्यांना स्मरणशक्ती कमी असते," मी म्हटलं.

७ डिसेंबर, रविवार

सभा पार्किंगमध्ये झाली. पत्रकं टेबलावर, प्रत्येकावर वाटाण्याएवढं रिबिनीचं फूल. गेनबा मागे उभे, सरपंच पायाशी झोपलेला. ऋषीने ज्या पडद्यावर सत्काराचे फोटो दाखवायला प्रोजेक्टर आणला होता, त्यावरच मी माझे फोटो लावले. अठ्ठावीस कान, एकाशेजारी एक.

"ही सगळी एकच घूस आहे," मी म्हटलं. "चूक माझी आहे. एकशे साठ हा आकडा मी मागे घेते."

मग नागोराव उठले.

"बाकीच्यांची एक असन. माही येगळी होती."

"काका, तीच आहे. झूम करू?" ऋषी म्हणाला.

"तू नोको सांगू मले. मी ओयखत नाही का माह्या घुशीले?"

"तुमची वेगळी, तर मग पहिली शिकार माझी. ओरिजिनल मी पकडली."

"तू पकडली? ती मी सोडली म्हणून तुले सापडली!"

पाच मिनिटं सगळे एकदम बोलत होते. घूस एकच आहे हे हळूहळू सगळ्यांनी मान्य केलं, पण ती कोणाची, यावर मात्र एकमत होईना. परचुरे उभे राहिले, तेव्हा शांतता झाली.

"निशाताई, आपल्या रजिस्टरवर विसंबून आम्ही पत्रकं छापली."

"हो."

"त्या रजिस्टरमध्ये कान लिहिला होता. अठ्ठावीस वेळा."

"हो."

"आणि आम्ही त्याखाली अठ्ठावीस वेळा सही केली, न वाचता." त्यांनी टेबलावरची पत्रकं उलटी ठेवली. "हे इतिवृत्तात घेऊ नये."

तिसऱ्या मजल्यावरच्या कोणीतरी विचारलं, विष टाकायचं की नाही ते सांगा. परचुरे म्हणाले, एका घुशीची खात्री पटली, तर विष नाही. पण ती लांब सोडायची, खरोखर लांब. त्यानंतर पाच दिवस रोज पिंजरा लावायचा, आमिषासकट. एकदाही भरला तर ठराव मंजूर समजावा.

गेनबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ठीक आहे म्हणून की मला खात्री नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

काल संध्याकाळी भजी तळली. आज ती आत होती, शांत, मिशा पुसत. फोटोला कोणी आलं नाही.

पुन्हा चूक नको म्हणून उत्कर्षाचं लाल नेलपॉलिश घेतलं आणि पिंजऱ्याच्या जाळीतून तिच्या शेपटीच्या टोकाला लावलं. तिने काही हरकत घेतली नाही. उत्कर्षाने घेतली.

गेनबांची बहीण तुळजाबाई लोणी काळभोरला असतात, शेतावर. अनिरुद्धने सुट्टी टाकून गाडी काढली. डिकीत पिंजरा, मागे गेनबा, चारही काचा खाली. सोलापूर रस्त्यावर वास अंगात मुरला. मला राहवेना.

"गेनबा, आपली अडचण आपण दुसऱ्याच्या दारात टाकतोय, असं नाही का?"

"रानात घुशी हायतच, ताई. एक पाव्हनी वाढली."

तुळजाबाईंनी चहा दिला, घुशीला विहिरीपलीकडच्या पडीक बांधापर्यंत नेऊ दिलं आणि मला विचारलं, "शेपटीला रंग कशापाई?" मी सगळं सांगितलं. त्या तोंडाला पदर लावून बसल्या. पदर बराच वेळ हलत होता.

निघताना मी मागे वळून पाहिलं. तिने पाहिलं नाही. पाहावं अशी माझी अपेक्षा का होती?

१४ डिसेंबर, रविवार

पाच दिवस पिंजरा रोज लावला. पाचही दिवस रिकामा. परचुऱ्यांनी स्वतः वाकून पाहिलं आणि लिफ्टमध्ये सूचना लावली: 'घूस नाही. विष नाही. विषय संपला. चर्चा करू नये.'

सरपंचाने त्या आनंदात काही केलं नाही. झोपून होता. गेनबांनी मात्र घरी वांगी आणून दिली, दोन किलो.

ग्रुपवर पाच दिवसांत एक शुभप्रभात आलं, त्यावर परचुऱ्यांनी कारणही विचारलं नाही. नागोराव दुधाच्या रांगेत म्हणाले, "सकायी उठावंसंच वाटत नाही, जी." ऋषीशी ते पुन्हा बोलू लागले आहेत. दोघं मिळून रिकामा पिंजरा पाहायला जातात.

मी पाच दिवस भजी तळली, कारण आमिषासकट असं ठरलं होतं. सकाळी ती तशीच, थंडगार. काढून टाकताना वाईट वाटलं. तेल वाया गेल्याचं असेल.

१७ डिसेंबर, बुधवार

दुपारी गेनबा मोबाईल धरून वर आले. लोणी काळभोरहून फोटो. तुळजाबाई, नऊवारी, एक पाय पिंजऱ्यावर, हातात विळा. मान नेमकी ऋषीसारखी किंचित वाकडी. पिंजऱ्यात लाल शेपटी. खाली गावच्या ग्रुपवर त्र्याण्णव अंगठे.

तेवढ्यात त्यांचाच फोन आला. गेनबांनी तो माझ्या कानाला लावला.

"बाई, तुमची पाव्हनी हिकडंच रमलीया, पर लई नखऱ्याची हाय. भाकर ठिवली, वास घिऊन निघून गेली. खोबरं ठिवलं, बघितलं न्हाय. आठ दिस पिंजऱ्याभवती नुसती फेऱ्या मारतीया. काल सुनंनं भजी तळली, तवा आत शिरली. तरी बी अर्धंच खाल्लं आन् माझ्याकडं बघत बसली. तुमी त्यात घालता तरी काय?"

मी सांगितलं. चमचाभर तांदळाचं पीठ, ओवा हातावर चोळून, कडकडीत तेलाचं मोहन. त्या प्रत्येक गोष्टीला "आसं व्हय" म्हणत होत्या. मागून सुनेचा आवाज आला, "आत्याबाई, थांबा, लिवून घिते."

फोन ठेवल्यावर ही वही काढली आणि एकोणीस नोव्हेंबरचं पान उघडलं. पाव. पिंजरा रिकामा. थंडीमुळे असेल. मग वीस नोव्हेंबर. मग चार डिसेंबर, 'ती रोज येते कशाला?'

नोंदवहीतले शेरे पुन्हा मोजले. एकोणतीस वेळा! पायाखाली गेली, टोप्या नि ब्लेझर सोसले, भिंतीपलीकडे फेकली गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

अनिरुद्धला सांगावं की नाही, ते ठरत नाही. तो हसेल. हसू दे. पण रविवारी भजी करणार आहे आणि त्याने टिश्यू मागितला तर देणार नाही.

तुळजाबाईंना पुन्हा फोन करायला हवा. कांदा उभा चिरायचा, हे सांगायचं राहिलं.